आधी पाणी ओळखा, मग यंत्र घ्या

साधा मिक्सर घ्यायचा म्हटला तरी आपण बायका चार दुकानं पालथी घालतो. जावेकडे कोणता आहे, शेजारणीचा किती वर्षं चालला, मोटर जळली तर गावात दुरुस्त होते का, सगळी चौकशी करतो. पण पिण्याचं पाणी शुद्ध करणारं यंत्र घरात येतं, तेव्हा आपली ही चोखंदळ नजर कुठे जाते कोण जाणे! दारावर टापटीप कपड्यांतला एखादा मुलगा येतो, "ताई, जरा दोन ग्लास पाणी द्या" म्हणतो, पाच मिनिटांत आपल्याच नळाचं पाणी काळंपिवळं करून दाखवतो आणि आपण घाबरून हप्ते बांधून मोकळ्या होतो. नाहीतर टीव्हीवर बघितलं म्हणून, नाहीतर नणंदेकडे आहे म्हणून. अलीकडे लेकीच्या लग्नात फ्रीज-कपाटाबरोबर पाण्याचं यंत्रही दिलं जातं. लेकीच्या सासरचं पाणी कसं आहे, हे मात्र कुणीच विचारत नाही.

मैत्रिणींनो, खरं तर पहिला प्रश्न तोच आहे. यंत्र कोणतं चांगलं, हे नंतर. आपल्या घरातलं पाणी कसं आहे, हे आधी.

माझंच उदाहरण देते. माझं माहेर अकोला जिल्ह्यातलं, पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातलं. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीतलं पाणी मुळातच खारं. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याला आतून पांढरा थर धरतो. सासर सातारा जिल्ह्यातलं. इथे नळाला धरणाचं पाणी, चवीला गोड. पण पावसाळ्यात तेच पाणी चहासारखं गढूळ येतं आणि गल्लीत जुलाब-काविळीची एक फेरी होऊन जाते. म्हणजे तक्रार दोन्हीकडे आहेच, पण दुखणं वेगळं. माहेरच्या पाण्यात क्षार जास्त, सासरच्या पाण्यात गाळ आणि जंतू. सर्दीला आणि मोडलेल्या हाडाला एकच औषध चालेल का? मग या दोन घरांना एकच यंत्र कसं चालावं?

आता त्या दारावरच्या जादूबद्दल. दोन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटाच्या बैठकीतच एका विक्रेत्याने हा प्रयोग करून दाखवला. एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्रातलं. दोन्हींत विजेच्या तारा जोडलेल्या दांड्या बुडवल्या. नळाचं पाणी बघता बघता तपकिरी झालं, वर घाण तरंगायला लागली. यंत्रातलं पाणी तसंच नितळ. "बघा, हे तुमची मुलं पितात," असं तो म्हणाला मात्र, बायकांचे चेहरे उतरले. आमच्यातल्या एक ताई शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्या उठल्या, स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणलं, यंत्राच्या त्या शुद्ध पाण्यात टाकलं आणि म्हणाल्या, "दादा, आता करून दाखवा." तेही पाणी तपकिरी झालं!

यात फसवणूक काय होती? पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंडाची दांडी झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. दिसते ती घाण त्या दांडीची असते, आपल्या पाण्याची नव्हे. यंत्रातल्या पाण्यातले क्षार काढलेले असतात, म्हणून वीज वाहत नाही आणि पाणी स्वच्छ दिसतं. ज्या क्षारांमुळे पाणी 'घाण' ठरलं, त्यांत आपल्या हाडांना लागणारे कॅल्शियम, मॅग्नेशियमही असतात.

तरीही त्या महिन्यात सात जणींनी यंत्रासाठी गटाकडे अंतर्गत कर्ज मागितलं. पंधरा-सोळा हजारांचं यंत्र. आमच्या गटात महिन्याची बचत शंभर रुपये. म्हणजे शिवणयंत्रासाठी, शेळीसाठी, मुलीच्या फीसाठी ठेवलेला पैसा एका झटक्यात जाणार. नाही म्हणावं तर "मुलांच्या तब्येतीपेक्षा पैसा मोठा का?" असा सवाल. गटाने तेव्हा एक ठराव केला, तो मला आजही फार शहाणपणाचा वाटतो. आधी पाण्याची तपासणी, मग कर्ज.

तपासणी करायची तर पाण्यात काय काय बिघडू शकतं, हे थोडं समजून घेऊ. दोष तीन प्रकारचे. पहिला डोळ्यांना दिसणारा: माती, गाळ, गंज. दुसरा जंतूंचा, तो दिसत नाही. जुलाब, विषमज्वर, कावीळ, पटकी हे सगळे त्याचे प्रताप. तिसरा विरघळलेल्या द्रव्यांचा, तोही दिसत नाही. फार तर चवीला कळतो आणि कधी तेवढंही नाही. फ्लोराइड आणि नायट्रेट या तिसऱ्या प्रकारातले. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथे मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात आणि वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायल्याने हाडं आखडतात, वाकतात. शेतातलं रासायनिक खत किंवा संडासाचे शोषखड्डे यांच्यामुळे बोअरच्या पाण्यात नायट्रेट वाढतं. तान्ह्या बाळांना ते घातक; त्यांचं रक्त प्राणवायू नीट वाहून नेऊ शकत नाही आणि बाळ निळसर पडतं. अशा पाण्यात वरचं दूध कालवून देणाऱ्या आईला याची कल्पनाही नसते.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस १०५००. त्यातले चार आकडे वहीच्या मागे लिहून ठेवा. विरघळलेले एकूण क्षार, म्हणजे ज्याला सगळे टीडीएस म्हणतात ते, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम. दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. फ्लोराइड १ पर्यंत चांगलं, फार तर दीड. नायट्रेट ४५ पर्यंत, त्यापुढे सवलत नाही. आणि मैलापाण्याची खूण असलेला ई-कोलाय हा जंतू १०० मिलिलिटर पाण्यात एकही सापडता कामा नये.

विक्रेत्याच्या खिशात पेनासारखं एक टीडीएस मीटर असतं. ते फक्त क्षार दाखवतं. जंतूंबद्दल ते मुकं आहे. पावसाच्या पाण्याचं डबकं साचलं, त्यात गुरं उभी राहिली, तरी त्याचा आकडा कमी येऊ शकतो. म्हणून आकडा कमी तर पाणी शुद्ध, हे समीकरण डोक्यातून काढून टाका. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, काही दगावले. तेव्हा दूषित पाण्याचाच संशय पुढे आला आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा पोटाचा जंतू सापडला. धरणाच्या गोड पाण्याचा तो भाग. तिथे उणीव होती ती क्लोरिनची आणि स्वच्छतेची. क्षार काढून ती भरून निघणारी नव्हती.

आता कोणत्या दोषाला कोणता उपाय, ते बघू.

गढूळपणाला तुरटी आणि गाळणं पुरतं. पण तुरटीने पाणी नितळ होतं, निर्जंतुक होत नाही. गाळण्यावरून आठवलं, बांगलादेशात मतलब भागातल्या गावांमध्ये बायकांना जुनी सुती साडी चौपदरी करून पाणी गाळायला शिकवलं, तर पटकीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं, असा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून असतात, ते कापडात अडकतात. धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या साडीचे धागे फुललेले असतात, म्हणून ती नव्यापेक्षा चांगली गाळते. आपल्या आजीच्या गाळण्यात शास्त्र होतं ते असं. अर्थात गाळणं ही पहिली पायरी, शेवटची नव्हे.

जंतूंना सगळ्यात खात्रीचा उपाय उकळण्याचा. खळखळून उकळी आली की एक-दोन मिनिटं ठेवायचं आणि झाकूनच निववायचं. घरात तान्हं बाळ, बाळंतीण किंवा आजारी माणूस असेल तर दुसरा विचारच नको. पण गॅसचा भाव बघता रोज पाच माणसांचं पाणी उकळणं सगळ्यांना झेपत नाही. तिथे क्लोरिन स्वस्त आणि चोख. आरोग्य केंद्रातून किंवा आशाताईंकडून मिळणाऱ्या मेडिक्लोरच्या बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात थेंब टाकायचे आणि अर्धा तास थांबायचं. थोडा वास येतो खरा. उघड्या भांड्यात ठेवलं की कमी होतो.

यंत्रच हवं असेल तर जंतूंसाठी दोन प्रकार आहेत. एक यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांच्या दिव्याचं. याला वीज लागते आणि पाणी नितळ लागतं. गढूळ पाण्यात किरण पोचत नाहीत. दुसरा यूएफ, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या नळ्यांमधून पाणी गाळणारा. यातला वरून ओतायचा प्रकार विजेशिवाय चालतो. त्यात जीवाणू अडकतात. काही अतिसूक्ष्म विषाणू मात्र निसटू शकतात, म्हणून साथीच्या दिवसांत सोबत क्लोरिन किंवा उकळणं हवंच. तासन् तास वीज जाणाऱ्या आपल्या गावांना हा साधा प्रकार सोयीचा. या दोन्ही यंत्रांनी क्षार कमी होत नाहीत, आणि क्षार प्रमाणात असतील तर ते कमी करायची गरजही नाही.

राहिला आरओ. क्षार, फ्लोराइड, नायट्रेट जास्त असेल तर घरगुती उपायांत हाच कामाचा. उकळून हे दोष जात नाहीत. उलट पाणी आटतं आणि त्यांचं प्रमाण वाढतं, हे नीट लक्षात ठेवा. माझ्या माहेरी भावाने आरओ बसवला तो योग्यच केला. पण ज्या घरात धरणाचं गोड पाणी येतं, तिथे आरओ म्हणजे शिळ्या पोळीला तुपाची धार. एक लिटर पाण्यामागे साधारण तीन लिटर पाणी तो नळीवाटे टाकून देतो. घरात रोज पंधरा लिटर प्यायला लागत असेल तर पंचेचाळीस लिटर, म्हणजे दोन-तीन हंडे वाया. उन्हाळ्यात टँकरमागे धावणाऱ्या गावात हे कसं शोभेल? राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये केंद्र सरकारला सांगितलं होतं, ते याचसाठी: टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी घाला. ज्यांना आरओ लागतोच, त्यांनी त्याचं टाकाऊ पाणी बादलीत धरावं. संडासाला, फरशीला, खरकटी भांडी विसळायला ते चालतं. तुळशीला, झाडांना मात्र नको, त्यात क्षार एकवटलेले असतात.

आमच्या गटाच्या तपासणीचं काय झालं, ते सांगायचं राहिलंच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यात आणि उपविभागात असतात. माफक शुल्कात तिथे सामान्य माणसालाही पाणी तपासून मिळतं. क्षारांच्या तपासणीसाठी स्वच्छ कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरून न्यायचा. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची, ती निर्जंतुक केलेली असते; आत बोट लावायचं नाही, आणि भरल्यावर त्याच दिवशी पोचवायची. आम्ही सात घरांचे नमुने दिले. पाच घरं नळाच्या पाण्याची. त्यांचे क्षार अगदी कमी, आरओची गरजच नाही. पण त्यांतल्या दोन घरांत जंतू निघाले. एका घरी छतावरची टाकी दोन वर्षांत धुतली नव्हती. दुसऱ्या घरी तर नळाचं पाणी चांगलं आणि पिंपातलं वाईट! पिंपात येता-जाता पेले बुडत होते. उरलेली दोन घरं नव्या वस्तीतली, बोअरवर. तिथे क्षारही भरपूर आणि नायट्रेट मर्यादेपलीकडे. त्यांतल्या एका घरी सून बाळंत होऊन आलेली. त्या दोन घरांना गटाने बिनतक्रार कर्ज दिलं. पाच घरांचं काम टाकी धुणं, मेडिक्लोर, तोटीचं पिंप आणि ज्यांना हवा त्यांना साधा यूएफ, एवढ्यावर भागलं. गटाचे किती पैसे वाचले, हिशेब तुम्हीच करा.

यंत्र घ्यायचं ठरलंच, तर विक्रेत्याला थोडे अडचणीचे प्रश्न विचारा. आयएसआय खूण आहे का? माझ्या पाण्याच्या अहवालातला कोणता दोष हे काढतं? एक लिटरमागे पाणी किती वाया जातं? गाळण्या किती महिन्यांनी बदलायच्या आणि त्यांची किंमत काय? दुरुस्तीचा माणूस आपल्या गावात आहे, की जिल्ह्याहून येतो? यंत्राची किंमत एकदाच द्यायची असते, गाळण्यांचा खर्च दरवर्षी येतो. पाच वर्षांचा हिशेब घातला तर देखभालीवर जवळजवळ आणखी एका यंत्राएवढा पैसा जातो. खर्च नको म्हणून गाळणी बदलायची टाळली, तर तिच्यातच जंतू वाढतात. असं दुर्लक्षित यंत्र असण्यापेक्षा नसलेलं बरं.

आणखी एक. यंत्रातल्या कोळशाच्या गाळणीत नळाच्या पाण्यातलं क्लोरिन निघून जातं. म्हणजे गाळलेल्या पाण्याला पुढे कुणी राखणदार उरत नाही. ते झाकून ठेवायचं, तोटीने किंवा लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्यायचं, आणि त्याच दिवशी संपवायचं. हजारोंचं यंत्र आणि शेवटी पाणी नखांसकट पेला बुडवून घेतलेलं, असं नको.

हे सगळं सांगताना माझ्या मनात एक धास्ती असते. घरोघरी यंत्र आलं की गावाच्या पाण्याची चौकशी करणारंच कुणी उरत नाही. ज्यांना परवडतं ते यंत्राचं पितात, मोलकरणीचं आणि ऊसतोड कामगाराचं मूल मात्र तेच गढूळ पाणी पितं. ग्रामपंचायतीच्या विहिरीत, टाकीत टीसीएल पावडर पडते का, हे बघायला जलसुरक्षक नेमलेला असतो. पाण्याच्या स्रोताची पाहणी करून गावाला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. तुमच्या गावाला कोणतं मिळालं, ठाऊक आहे? ग्रामसभेत उठून विचारा. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. त्या पाच जणी कोण, तेही विचारा. नसतील तर आपण पाच जणी पुढे होऊ या. पाणी आपण भरतो, आपण साठवतो, आणि घरात कुणी आजारी पडलं की रात्र रात्र उशाशीही आपणच बसतो. मग पाण्याचा निर्णय दारावरच्या विक्रेत्याने का घ्यावा?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्लास्टिकचे डबे, गाळण्या, वाट्या लुटतो. पाण्यातल्या जंतूंची प्राथमिक तपासणी करायला एच-टू-एस नावाची एक छोटी बाटली मिळते. खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवायची; एक-दोन दिवसांत पाणी काळं झालं तर समजायचं, ते पिण्यायोग्य नाही. येत्या संक्रांतीला आमच्या गटाने हीच बाटली वाण म्हणून द्यायचं ठरवलं आहे. तीळगूळ खाऊन गोड बोलायचं ते आहेच. पण पाणी काळं पडलं, तर सरपंचांशी दोन शब्द तिखटही बोलावे लागतील. तेवढी तयारी ठेवून या.